पिंजऱ्यावरच्या कार्डात काय लिहावं

देवळा, जि. नाशिक

चि. छकुलीस,


नाशकात कॉलेज सांभाळून दर रविवारी कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये जायला लागलीस, हे तुझ्या आईने फोनवर तक्रारीच्या सुरात सांगितलं. मला बरं वाटलं; तिला सांगू नकोस. तू पाठवलेला कार्डाचा फोटो मात्र खटकला. नर, तपकिरी, वय अंदाजे तीन, आणि स्वभावाच्या रकान्यात तुझ्या अक्षरात एकच शब्द: 'आक्रमक'. हे पत्र त्या शब्दासाठी आहे.

हा शब्द आता साधा राहिलेला नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नसबंदी, लस आणि जंताचं औषध झालं की भटकं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. अपवाद दोनच: रेबीज झालेलं किंवा तसा संशय असलेलं, आणि आक्रमक वागणारं. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन यांच्या आवारातली कुत्री उचलून शेल्टरमध्ये न्यायची आणि परत तिथे सोडायची नाहीत, असाही आदेश झाला. म्हणजे शेल्टरमधली गर्दी वाढणार आणि कार्डं घाईत लिहिली जाणार. 'आक्रमक' लिहिलं की त्या कुत्र्याची गल्ली कायमची सुटली, आणि दत्तक घ्यायला आलेली माणसंही कार्ड वाचून पुढच्या पिंजऱ्याकडे सरकली.

माझी सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. कुत्री कमी, गाई-म्हशीच जास्त. पण मुकं जनावर अंगाने बोलतं हे दोघांनाही लागू आहे.

पुढच्या वेळी घरी आलीस की उमराण्याच्या कांदा मार्केटात चल. ट्रॉलीखाली कुत्रं झोपलेलं असतं. लिलावाचा घोळका जवळ आला की ते उठतं, जांभई देतं, अंग झाडतं आणि चार ट्रॅक्टर सोडून पलीकडे जाऊन पडतं. ती जांभई झोपेची नव्हे. नॉर्वेच्या तुरिद रुगास या प्रशिक्षक बाईंनी अशी जांभई, समोर खाणं नसताना जिभल्या चाटणं, तोंड फिरवणं, उगाच जमीन हुंगणं हे सगळं टिपलं आणि त्याला 'शांत करणारे इशारे' म्हटलं. कुत्रं त्यातून सांगतं की मला जड जातंय, जरा सबुरीने घ्या. मार्केटातलं कुत्रं हे सांगून बाजूला होऊ शकतं. शेल्टरमध्ये मागे भिंत, पुढे जाळी, शेजारी अनोळखी भुंकणं. बाजूला व्हायची वाटच बंद. मग उरतं ते गुरगुरणं, आणि नेमकं तेच आपण कार्डावर लिहितो.

१९९७ मध्ये अमेरिकेत मायकेल हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेल्टरमधल्या कुत्र्यांच्या रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, तपासलं. आल्यापासूनचे पहिले तीन दिवस ते बरंच चढलेलं निघालं. तुझ्या तपकिरी कुत्र्याला आणून किती दिवस झाले होते, ते आधी विचार. मालेगाव स्टँडवर नुकतंच पाकीट मारलं गेलेला माणूस आरडाओरडा करत असेल, तर तो स्वभावानेच भांडखोर आहे असं तू लिहिशील का?

आता शेपटाचं. हलतंय म्हणजे खूश, हे डोक्यातून काढून टाक. उंच, ताठ आणि बारीक थरथरणारं शेपूट म्हणजे सावध हो. कमरेपासून सगळं अंग डुलवत सैल हलणारं शेपूट म्हणजे स्वागत. रागातलं ताठ कुत्रं आणि लाडात आलेलं वाकडंतिकडं कुत्रं यांच्या चित्रांसकट डार्विनने हा फरक १८७२ मध्येच छापला होता. ओळखीच्या माणसाला पाहून शेपूट उजवीकडे जास्त झुकतं, असं इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं. पण जाळीसमोर उभं राहून ते मोजत बसू नकोस. तोंड बघ. धापा टाकणारं उघडं तोंड तू जवळ जाताच टपकन मिटलं आणि अंग क्षणभर दगडासारखं थांबलं, तर तूही थांब. डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसली तरी थांब. ताटलीवर मान घालून खाणारं कुत्रं तू जवळ जाताच जास्त भराभर खायला लागलं, तर त्या ताटलीकडे हात नेऊ नकोस.

पोट वर करून पडलेल्या कुत्र्याबाबत सगळेच फसतात. अंग सैल, तोंड उघडं असेल तर खुशाल खाजव. पण शेपूट पायात घातलेलं, ओठ घट्ट मिटलेले, कधी थेंबभर लघवीही झालेली, असं असेल तर ते गयावया करतंय. तिथे पोटाला हात लावायचा नाही. तीच गत पिंजरा घाण करून मान खाली घालणाऱ्याची. झाडणारा म्हणतो, "बघा, त्याला कळतंय चुकलं ते." अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हे तपासलं. कुत्र्याने खाऊ चोरलेला असो वा नसो, मालक रागावला की तो अपराधी चेहरा येतोच. ती रागावण्याची भीती असते.

गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधी दटावू नकोस आणि दुसऱ्यालाही दटावू देऊ नकोस. गुरगुरणं म्हणजे न चावता दिलेली सूचना. मार खाऊन ती द्यायची सोडलेलं कुत्रं सरळ चावतं. मला विचारशील तर गुरगुरणाऱ्यापेक्षा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून गप्प बसलेल्याची काळजी जास्त. त्याला सगळे 'शांत, गरीब' लिहून मोकळे होतात.

जवळ जायचं तर त्याच्याकडे बाजू करून बस, नजर रोखू नकोस, डोक्यावरून हात नेऊ नकोस. येऊ दे त्यालाच. आलं तर छातीला किंवा खांद्याला दोन-तीन सेकंद खाजव आणि हात काढून घे. अजून हवं असेल तर ते स्वतः टेकतं. नको असेल तर सरकतं. बिस्किटावर फार भिस्त ठेवू नकोस. कोलकात्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने आपल्याच रस्त्यावरच्या कुत्र्यांवर काम केलंय. २०१७ च्या त्यांच्या अभ्यासात अनोळखी माणूस वारंवार भेटायला लागला, तेव्हा खाऊपेक्षा कुरवाळण्यानेच कुत्र्यांचा विश्वास जास्त बसला.

मग कार्डावर लिहायचं काय? फक्त दिसलं ते. 'दुसरा दिवस. पुरुष जाळीजवळ आल्यावर मागे सरकलं, जिभल्या चाटल्या, हात आत घातल्यावर गुरगुरलं. बाहेर पट्ट्यावर शांत.' असं लिहिलंस तर पुढच्या माणसाला काम करता येतं. स्वभावाबद्दलचं मत आठवडाभराने, दोन-तीन वेगवेगळ्या माणसांनी बघितल्यावर लिही. खरोखर धोकादायक कुत्री असतात, नाही असं नाही. पण तेही पिंजऱ्याबाहेर, मोकळ्या जागेत बघून ठरू दे. पिंजऱ्यात जाळीवर झेपावणारी कितीतरी कुत्री पट्ट्यावर बाहेर काढली की निवांत चालतात.

शेवटचं, आणि यात हयगय नको. दात लागला, नुसता ओरखडा आला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय जवळजवळ नसतो. तुमच्यासारख्यांसाठी चावण्याआधीच घ्यायची लस असते. ती झाल्याशिवाय पुढच्या रविवारी जाऊ नकोस, आणि घेतल्याची तारीख मला कळव.

तुझा,
मामा