जुनं सागवान, नवा जिना

जिन्याचं डिझाइन आपण सगळ्यांनीच सबमिशनसाठी केलेलं असतं. पायऱ्यांची संख्या, चढ, रुंदी, झालं! पण लाकडी जिन्याचं शेवटचं काम, म्हणजे फळ्या बसवणं, घासणं आणि पॉलिश, हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही. बदलापूर गावातल्या एका जुन्या घराची अभ्यासिका होत असताना सुट्टीत मी सुताराच्या हाताखाली हे काम केलं. त्यातून जे शिकलो ते इथे मांडतो.

आपल्या भागाला जुनी वास्तू नव्या कामाला लावणं काही नवीन नाही. अख्खं उल्हासनगरच त्याचं उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी होती. १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबं तिथल्या बराकींत राहिली, आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. बराकीत भिंत घाल, माळा काढ, जिना लाव, असंच ते गाव वाढलं. त्याच उल्हासनगरचं फर्निचर मार्केट आज प्रसिद्ध आहे. मुंबईतल्या चाळी पडल्या की त्यांचं सागवानही असंच पुन्हा बाजारात येतं.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या पायऱ्यांवर नवी फळी ठोकली की जिना बिघडतो, कसा ते बघा. समजा एकूण उंची २५२० मिमी आणि चढ १४. म्हणजे प्रत्येक चढ १८० मिमी. सगळ्या पायऱ्यांवर ३० मिमीची फळी बसवली. मधले चढ १८० च राहिले, पण पहिला झाला २१० आणि शेवटचा १५०! राष्ट्रीय इमारत संहितेत घरगुती जिन्याला चढ जास्तीत जास्त १९० मिमी आणि पायरीची रुंदी कमीत कमी २५० मिमी सांगितली आहे. म्हणजे पहिला चढ नियमाबाहेर गेलाच, पण खरा धोका असमान चढांचा. पायाला दोन-तीन पायऱ्यांत अंदाज बसतो, मग आपण खाली बघतच नाही. अशा वेळी वरची पायरी ३० मिमी कमी निघाली तर माणूस पडतो. उपाय सोपा आहे. दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्या पायथ्याशी ३० मिमी कापून अख्खा जिना तेवढा खाली बसवायचा. सगळे चढ परत १८०. (दोन चढ अधिक एक रुंदी ६१० मिमी, म्हणजे सतराव्या शतकातल्या ब्लाँदेलचं सूत्रही जुळलं.)

दुसरं, जुनं लाकूड विकत घेताना आधी लोहचुंबक फिरवा. तुटलेले खिळे आत दडलेले असतात आणि रंध्याचं पातं एका फटक्यात जातं. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण कडेचा फिकट भाग किडे पोखरतात, तो कापून टाकायचा. जुना ऑइलपेंट असेल तर मात्र कोरडा घासू नका. त्यात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. पाडकामातून आलेली फळी त्याच्या कितीतरी आधीची. ती धूळ सुताराच्या फुप्फुसात आणि त्याच्या कपड्यांवरून घरच्या पोरांपर्यंत जाते. म्हणून ओलं करून खरवडायचं, चांगला मास्क लावायचा आणि खरवड गोळा करून वेगळी ठेवायची.

तिसरं, "जुनं लाकूड आता हलत नाही" हा गैरसमज. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराचा दगड पावसाने फुगत नाही, लाकूड फुगतं. साग ओला असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत आडवा साधारण ५ टक्के आक्रसतो. म्हणजे ओलाव्याच्या दर टक्क्याला सुमारे ०.१८ टक्के. मे आणि जुलैमधला ओलाव्याचा फरक ५ टक्के धरला तर २५० मिमीची फळी सव्वादोन मिमी फुगते. म्हणून पुढचे स्क्रू घट्ट, मागच्या स्क्रूंना लांबट भोकं आणि मागे ३ मिमी फट. दोन्हीकडून घट्ट आवळलेली फळी उन्हाळ्यात तडकते. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे सरस लावण्याआधी जोड थिनरने पुसून घ्यावा.

शेवटी पॉलिश. ८०, १२०, १८० नंबरचा पेपर, नेहमी रेषेच्या दिशेनेच. लाखेचं पॉलिश दिसतं छान, पण पाण्याने पांढरं पडतं. रोज बुटांनी तुडवायच्या पायरीला पीयू बरं. पायरी फार गुळगुळीत करू नका, पुढच्या कडेला घसरण अडवणारी पट्टी हवीच. पावसाळ्यात पॉलिश लावलं तर ते दुधाळ होतं, तेव्हा हे काम दिवाळीनंतरचं.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. जवसाचं तेल वापरलं तर भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नका. हवेशी संयोग होताना ते तेल तापतं आणि बोळा काडी न लावता पेट घेतो. चिंध्या बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. लाकडाच्या भुशाशेजारी हा हलगर्जीपणा सगळा जिना घेऊन जाईल.

हॉस्टेलवर कुणी प्रोजेक्टसाठी जिना मोजणार असेल, तर टेप घेऊन पहिला आणि शेवटचा चढ आधी मोजा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.