फटीत कोंबलेले मोजे

सिक्कीममध्ये गोएचा-लाच्या वाटेवर, सुमारे ४,००० मीटर उंचीवर झोंग्रीची ट्रेकर्स हट आहे. आम्ही चौघं तिथे पोचलो तेव्हा वारा असा सुटला होता की दार धरून ठेवावं लागत होतं. आदली रात्र त्शोकाला, जवळपास ३,००० मीटरवर काढली होती. म्हणजे एका दिवसात हजार मीटरची चढाई. ३,००० मीटरच्या वर गेलं की रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून उंच नसावा, असं जाणकार सांगतात. ते ठाऊक असल्यामुळेच आम्ही पुढचा दिवस विश्रांतीचा ठेवला होता. त्यामुळे संध्याकाळी डोकी दुखू लागली तेव्हा ‘हाईट लागली’ म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो.

स्वयंपाकाची जागा वेगळी होती, पण तिथपर्यंत जायचा कंटाळा आला. रॉकेलचा स्टो आम्ही झोपायच्या खोलीतच पेटवला. खिडकीच्या फटींतून वारा येत होता, तिथे मी माझे लोकरीचे मोजे बोटांनी दाबून दाबून कोंबले. सह्याद्रीत रतनगडाच्या गुहेत आम्ही कितीदा चूल मांडली आहे; पण गुहेचं तोंड उघडं असतं, हे त्या वेळी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

पातेल्यात बर्फ भरून ठेवलं होतं. ज्योत पिवळी पडली होती आणि पातेल्याच्या बुडाला बोटाला लागेल इतकी काजळी धरली होती. थंडगार भांड्याला टेकलेली ज्योत नीट जळत नाही, त्यात उंचीवर हवा विरळ. अशा अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. लक्षणं मात्र हुबेहूब उंचीच्या त्रासासारखी: डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं.

बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ९४ दाखवत होतं. त्या उंचीवर इतका आकडा पाहून आम्ही खूश झालो. हिमोग्लोबिनला चिकटलेला वायू ऑक्सिजन आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे त्या साध्या यंत्राला ओळखता येत नाही, हे मला खाली उतरल्यावर कळलं.

माझा मावसभाऊ लघवीला म्हणून बाहेर गेला, थोडा वेळ रेंगाळला आणि परत येऊन म्हणाला, “ताई, बाहेर डोकं एकदम हलकं झालं गं. आत आलो की परत ठणकतंय.” आमचे गाईड दाजू दारातच उभे होते. त्यांनी एक शब्द न बोलता स्टो विझवला, दार सताड उघडलं आणि आम्हाला स्लीपिंग बॅगांसकट बाहेर काढलं. आमच्यातला सगळ्यात धाकटा उभाच राहू शकेना.

म्हणून कळकळीने सांगते, झोपायच्या खोलीत स्टो, शेगडी, कोळसा काहीही पेटवू नका, ऊब हवी म्हणून तर मुळीच नाही. गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगेत घ्या, जास्तीचे कपडे चढवा. वादळामुळे आतच चूल करण्यावाचून गत्यंतर नसेल तर दार आणि समोरची खिडकी उघडी ठेवा, एकाने स्टोजवळ जागं बसा आणि पाणी उकळताच तो विझवा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तळहाताएवढा असतो, त्याचं ओझं होत नाही. बंद खोलीत काही जळत असताना सगळ्यांचीच डोकी एकदम दुखू लागली, तर उंचीचा विचार नंतर. आधी बाहेर पडा. मोकळ्या हवेत थोड्या वेळात उतार पडला तर दोष खोलीतल्या हवेचा. उतार पडला नाही, चाल अडखळू लागली किंवा बसल्या जागी धाप लागली, तर उजाडायची वाट न पाहता खाली उतरायला लागा.

आम्ही पहाटेच त्शोकाची वाट धरली. गोएचा-ला राहिला. धाकट्याला पुढे गाडीरस्ता लागताच दवाखान्यात नेलं, आणि तिथे पहिलं वाक्य हेच सांगितलं की रात्री बंद खोलीत स्टो जळत होता. हे आवर्जून सांगा. नाहीतर तिथेही बोटाला ऑक्सिमीटर लावतील, आकडा चांगला दिसेल आणि रक्ताची जी वेगळी तपासणी करायला हवी ती राहून जाईल.