गोळीतील वंगण आणि हलालचा प्रश्न



औषधाच्या गोळीत प्राण्याची चरबी असते, या शंकेने काही जण रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळीच बंद करतात. म्हणून आधी वस्तुस्थिती समजून घेऊ.

गोळी तयार करताना भुकटी साच्यात, म्हणजे डायमध्ये, पंचने दाबतात. तेव्हा ती डायच्या भिंतीला घासते आणि पंचला चिकटते. हे टाळण्यासाठी वंगण मिसळतात. कॅप्सूल भरतानाही ते लागते. सर्वांत प्रचलित वंगण मॅग्नेशियम स्टिअरेट होय. त्याचे प्रमाण बहुधा पाव ते एक टक्का, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत फार तर ५ मिलिग्रॅम असते. ते ज्या स्टिअरिक आम्लापासून बनते, ते गुरांच्या चरबीतूनही मिळते आणि पामतेलातूनही. त्यामुळे नुसत्या नावावरून उगम कळत नाही.

शरीअतमध्ये या प्रश्नाला दोन बाजू आहेत. पहिली इस्तिहालाची, म्हणजे पदार्थाचे मूळ रूप पालटण्याची. दारूचा सिरका झाला की तो हलाल ठरतो. अपवित्र तेलापासून बनलेला साबण हनफी फिकहमध्ये पवित्र मानला आहे. चरबीपासून मिळालेल्या आम्लाला हा नियम लागू होतो की नाही, याविषयी उलमांत मतभेद आहेत. दुसरी बाजू गरजेची. सूरह बकरहच्या १७३व्या आयतीत, नाइलाज झालेल्या आणि मर्यादा न ओलांडणाऱ्या माणसाला गुन्हेगार ठरवलेले नाही. शिवाय केवळ शंकेने एखादी वस्तू हराम ठरत नाही.

म्हणून रुग्णाने औषध स्वतःहून थांबवू नये. जीव ही अल्लाहची अमानत आहे. तितकाच गुणकारी वनस्पतिजन्य पर्याय उपलब्ध असेल, तर डॉक्टरांना विचारून तो घ्यावा.

खरी निवड कारखान्यात होते. औषधांवर शाकाहारी-मांसाहारी खूण असावी, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. जीवनरक्षक औषधे त्यातून वगळली होती. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये रद्द केला. म्हणजे उगमाची चौकशी मुख्यतः औषध बनवणाऱ्यालाच करावी लागते.

नागपूर-कामठीत फार्मसी शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनो, ही जबाबदारी उद्या तुमची आहे. पुरवठादाराकडून वनस्पतिजन्य उगमाचे प्रमाणपत्र मागा. मात्र वंगण बदलले की कणांचा आकार बदलू शकतो. म्हणून गोळीची कठीणता आणि विरघळण्याचा वेग पुन्हा तपासा. मॅग्नेशियम स्टिअरेट शेवटी, थोडाच वेळ मिसळा. अधिक मिसळल्यास कणांवर पाणी न शिरू देणारा थर बसतो, गोळी ठिसूळ होते आणि औषध उशिरा विरघळते. सोडियम स्टिअरिल फ्युमरेटमध्ये हा दोष कमी असला, तरी त्याचाही उगम विचारावाच लागतो. घटक हलाल आणि गोळी निकामी, तर रुग्णाची अमानत बुडालीच.

अल्लाह तआला आपल्या आजाऱ्यांना शिफा देवो आणि औषध घडवणाऱ्या हातांना प्रामाणिकपणा देवो. आमीन.