जुना लेथ कामाला लागला

पोळपाट-लाटणे नाही असे घर सापडणे कठीण. ताकाची रवी, पाळण्याचे दांडे, पलंगाचे गोल पाय, मुलांचे भोवरे, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलांची चाके, या वस्तूही आपण रोज नाही तरी वरचेवर पाहतो. या साऱ्या गोल आहेत. निव्वळ रंध्याने असा गोलपणा येत नाही. त्यासाठी लाकूड फिरवावे लागते आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावावी लागते. या कामाला कातकाम म्हणतात. करणाऱ्याला कोणी कातारी म्हणतात, कोणी खरादी. ज्या यंत्रावर हे काम होते ते यंत्र म्हणजे लेथ.

फार पूर्वी लेथला मोटार नव्हती. दोन खुंटांना लोखंडी टोके असत. त्यांत लाकूड अडकवायचे, त्याला दोरीचा वेढा द्यायचा आणि एकाने दोरी मागेपुढे ओढायची. दुसरा हत्यार धरी. पुढे पायाने चालणारी चाके आली, मग विजेची मोटार आली. तत्त्व मात्र तेच राहिले. कर्नाटकातील चन्नपट्टणची लाखेची खेळणी याच तत्त्वावर होतात. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घासून ऊब निर्माण होते, लाख वितळते आणि रंग लाकडावर बसतो.

आता आमच्या आर्णीतली गोष्ट ऐका. एका सुताराच्या पडवीत बापाच्या वेळचा लेथ पडून होता. वर पोती ठेवलेली, खाली कोंबड्या बसत. दांडा हाताने फिरत नव्हता. पट्टा कुजून गेला होता. भंगारवाला दारात आला आणि किलोचा भाव सांगू लागला. सुतार तयार झाला. तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली. ती म्हणाली, “मामाजीनं याच्यावर चार पोरींची लग्नं केली. आन तुम्ही हा किलोनं विकता? काहून?”

सुतार म्हणाला, “याचे पार्ट कुठी भेटत नाहीत. कंपनीच बंद पडली.”

हे सुतारदादा आमच्या रात्रीच्या वर्गाला येत. त्यांनी मला विचारले. मी शाळामास्तर, यंत्रातला माणूस नव्हे. पण आकडे वाचायला लावणे हा माझा जन्मभराचा धंदा. मी म्हटले, “दादा, आधी यंत्र खोला, पुसा आणि त्यावर काय लिहिले आहे ते वाचा. विकायचे ते मग पाहू.”

त्यांनी प्रथम विजेची तार काढली. डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने व तारेच्या ब्रशने गंज काढला. प्रत्येक नट-बोल्ट कोठून निघाला ते वहीत लिहिले. लिहायला येऊ लागल्याचा हा पहिला फायदा.

मग अडकलेला दांडा निघाला. त्याच्या दोन्ही टोकांना बेअरिंग होते. बेअरिंग म्हणजे दोन कडी आणि मध्ये पोलादी गोळ्या. कड्यावरचा मळ पुसला तेव्हा आकडा दिसला : ६२०५.

हा आकडा कंपनीचा खाजगी नाही. तो साऱ्या जगात एकच आहे. यातील शेवटचे दोन अंक ०५. त्यांना ५ ने गुणा. २५ आले. म्हणजे आतले भोक २५ मिलिमीटर. या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर असते. ६२०४ असेल तर भोक २०, ६२०६ असेल तर ३०. कोणत्याही कारखान्याचे घ्या, माप तेच. लाकडाचा भुसा आत जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना रबरी झाकण असलेले बेअरिंग मागावे. हे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. म्हणून मराठी आणि इंग्रजी, दोन्ही आकडे ओळखता आले पाहिजेत.

यवतमाळच्या दुकानात त्यांनी आकडा सांगितला आणि बेअरिंग मिळाले. कारखाना बंद पडला तरी आकडा बंद पडत नाही, हे ध्यानात ठेवा. किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहर येथे लोखंड कातण्याचे लेथ बनवण्याचा कारखाना काढला. तो पुढे बंद झाला. पण ज्या भागांचे माप ठरलेले आहे ते भाग आजही बाजारात मिळतात.

पट्ट्याचेही असेच आहे. त्याच्यावर ‘ए ४२’ असे काही लिहिलेले असते. ‘ए’ म्हणजे वरची रुंदी १३ मिलिमीटर, ‘बी’ म्हणजे १७. पुढचा आकडा म्हणजे आतली लांबी, इंचात. सुतारदादांचा पट्टा पार कुजला होता, अक्षर उरले नव्हते. त्यांनी दोन्ही पुल्यांना सुतळी गुंडाळून मापली आणि ते माप दुकानात नेले. थोडाफार फरक मोटार मागेपुढे सरकवून निघाला.

खरी अडचण आट्यांची आली. नवा बोल्ट दोन फेरे जाई आणि अडे. दादा पान्याने जोर लावणार होते. मी म्हटले, “थांबा. आटे मोजा.” पट्टी लावली. एका इंचात बरोबर १२ आटे भरले. बोल्ट अर्ध्या इंचाचा होता. हे व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली सुचवलेले इंचाचे आटे. नवा बोल्ट होता १२ मिलिमीटरचा. त्याचे आटे वेगळे. आपल्या देशात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून ती मापे टप्प्याटप्प्याने आली. त्याआधीच्या यंत्रांत बहुधा इंचाचेच आटे सापडतात. जोर केला असता तर बिडाचे भोक कायमचे बिघडले असते. इंचाचा बोल्ट शोधल्यावर मिळाला.

मागच्या डोक्याचा फिरकीचा स्क्रू मात्र कोठेच मिळेना. तेव्हा मोडका नमुना घेऊन दादा लोखंड कातणाऱ्याकडे गेले. त्याने तसाच नवा करून दिला. नमुना कधी टाकू नये, मोडका असला तरी.

जोडणी करताना तीन गोष्टी पाळा :

१. बेअरिंग दांड्यावर बसवताना आतल्या कड्यावरच नळी टेकवून हळू ठोका. बाहेरच्या कड्यावर ठोकल्यास गोळ्यांचे घाव कड्यावर उमटतात.

२. पुढचे व मागचे टोक जवळ आणून पाहा. दोन्ही समोरासमोर आली पाहिजेत. फरक असल्यास बुडाशी पातळ पत्रा द्या.

३. वेग आधी हिशेबाने काढा. मोटारीचे फेरे मिनिटाला १४४०, मोटारीची पुली ३ इंच, दांड्याची ६ इंच. १४४० × ३ ÷ ६ = ७२०. नऊ इंची पोळपाटाला हा वेग ठीक. लाकूड जितके रुंद, तितका वेग कमी ठेवावा.

चालू लेथजवळ उपरणे, धोतराचा सोगा, पदर, सैल बाही नको. डोळ्यांवर चष्मा असावा. पट्ट्यावर जाळी असावी. मोटारीला अर्थिंग हवेच.

पोळ्याच्या आधी लेथ फिरू लागला. सुतारीणबाईंनी पहिले लाटणे घरात ठेवले, मग बैलांची चाके बाजारात गेली. लेथ नवा घेण्याइतका पैसा त्या घरात नव्हता. जुना विकला असता तर धंदाही गेला असता. भंगारवाल्याला लोखंडाचे वजन कळते. यंत्राची किंमत मालकाला कळली पाहिजे, आणि ती कळायला त्यावरचे चार आकडे वाचता यावे लागतात.

प्रश्न

१. ६२०६ या बेअरिंगचे भोक किती मिलिमीटर असेल?

२. दोन्ही पुल्या ४ इंचाच्या असतील, तर दांडा मिनिटाला किती फेरे घेईल?

३. नवा बोल्ट अडला तर जोर का करू नये?

४. तुमच्या घरी किंवा शेतावर बंद पडलेले यंत्र आहे काय? त्यावरचे आकडे व अक्षरे वहीत उतरवून वर्गात आणा.