रात्री दुखलं तर सकाळपर्यंत थांबू नका

प्रश्न : माझ्या मुलाच्या वर्गातल्या, म्हणजे आठवीतल्या, एका मुलाचं मध्यरात्री तातडीने ऑपरेशन करावं लागलं. वृषणाला पीळ पडला होता म्हणे. मुलगा कुठे पडला नव्हता, मार लागला नव्हता. झोपेतून कळवळत उठला. असं आपोआप कसं होतं? आणि पुढे त्याला मूलबाळ व्हायला अडचण येईल का? शेजारीपाजारी विचारायची सोय नाही, म्हणून लिहिते आहे.
— एक आई, पावस (जि. रत्नागिरी)

उत्तर : ताई, विचारलंत हे फार चांगलं केलंत. या दुखण्यात मुलगा वृषण गमावतो, त्यामागे बहुधा संकोच आणि त्यातून झालेला उशीर असतो.

वृषण एका नाडीला टांगलेलं असतं. रक्त आणणारी धमनी आणि परत नेणाऱ्या शिरा त्या नाडीतूनच जातात. बहुतेक मुलांत वृषण मागच्या बाजूने पिशवीच्या भिंतीला धरलेलं असतं, म्हणून फिरत नाही. काहींत ही पकड जन्मतःच नसते. वृषण विहिरीत सोडलेल्या पोहऱ्यासारखं मोकळं लोंबतं आणि स्वतःभोवती फिरू शकतं. वयात येताना त्याचा आकार झपाट्याने वाढतो, म्हणून साधारण १२ ते १८ ही वर्षं जपायची. वृषण वर ओढणारा स्नायू झोपेत किंवा थंडीने आकसला, तरी तेवढं निमित्त पुरतं. पीळ पडला की आधी शिरा दबतात. रक्त आत येत राहतं पण बाहेर जात नाही, सूज चढते, आणि मग धमनीही बंद होते.

तिथून घड्याळ सुरू होतं. दुखायला लागल्यापासून सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर दहांतली नऊ वृषणं वाचतात. बारा तासांवर निम्मीच हाती लागतात. दिवस उलटला तर दहांत एखादंच. तरीही उशीर झाला म्हणून घरी बसू नये. पीळ अर्धवट असेल तर थोडा अवधी जास्त मिळतो.

अडचण अशी की मुलगा नेमकी जागा सांगत नाही. ‘पोटात दुखतंय’ एवढंच म्हणतो, उलटी करतो. आपण बेंबीवर हिंग लावतो, ओवा देतो आणि रात्र जाते. म्हणून वाढत्या वयाच्या मुलाच्या पोटात किंवा जांघेत अचानक कळ आली, तर ‘खाली दुखतंय का?’ असं सरळ विचारा. आईला सांगायला लाजत असेल तर बाबांनी, काकांनी विचारावं. दुखणाऱ्या जागी चोळू नका, शेकू नका.

वृषण दुखण्याची कारणं इतरही आहेत. सात ते बाराच्या वयात वृषणावरच्या छोट्याशा निरुपयोगी कोंबाला पीळ पडतो. कधी कातडीखाली निळसर ठिपका दिसतो, आणि ते विश्रांती व वेदनाशामक गोळ्यांनी बरं होतं. जंतुसंसर्गात दुखणं हळूहळू चढतं, ताप येतो, लघवीला जळजळतं. गालगुंडानंतर चार-आठ दिवसांनी वृषण सुजू शकतं, तेही बहुधा वयात आलेल्या मुलांत. अंतर्गळ अडकला तर तोही तातडीचाच. हा निवाडा मात्र घरी करायचा नसतो. डॉक्टर मांडीच्या आतल्या बाजूला हलकेच बोट फिरवतात. त्या बाजूचं वृषण वर उचललं गेलं नाही, ते आडवं किंवा वर चढलेलं, कडक लागलं, तर पिळाचा संशय बळावतो. डॉप्लर सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसतो. लक्षणं स्पष्ट असतील तर मात्र सोनोग्राफीसाठी खोळंबू नये, थेट शस्त्रक्रिया करावी. तपासणी न करता ‘इन्फेक्शन आहे’ म्हणून गोळ्या दिल्या, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला कचरू नका.

आता आपल्या जिल्ह्याचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात भूल देऊन ऑपरेशन होत नाही, तेव्हा संशय असेल तर तिथे तास घालवू नका. ही शस्त्रक्रिया साधे जनरल सर्जनही करतात. बालशल्यविशारदच हवा म्हणून कोल्हापूर गाठायचं ठरवलं, तर आंबा घाट चढून तिथे पोचेपर्यंत सहांतले तीन तास सरतात, आणि पावसाळ्यात दरड आली तर सगळेच. रत्नागिरीचं जिल्हा शासकीय रुग्णालय, चिपळूणकडच्यांना डेरवणचं वालावलकर रुग्णालय, किंवा सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघे हजर असतील असं जवळचं कुठलंही रुग्णालय चालेल. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. निघतानाच रुग्णालयाला कळवा : मुलाचं वय, दुखणं कधी सुरू झालं, शेवटचं काय खाल्लं. वाटेत चहा-बिस्कीट देऊ नका, भूल द्यायची असते.

ऑपरेशनात पीळ उलगडतात, रंग परततो का पाहतात आणि वृषण टाके घालून जागच्या जागी बसवतात. दुसऱ्या बाजूचंही बसवतात, कारण पकड सैल असण्याचा दोष बहुधा दोन्हीकडे असतो. वृषण काळं पडून मेलेलंच असेल तर काढावं लागतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलासा देणारं आहे. एक वृषण धड असेल तर दाढी-मिशा, आवाज, ताकद सगळं नेहमीसारखं येतं आणि बहुतेकांना मूलही होतं. त्या मुलाला शाळेत कुणी चिडवणार नाही, एवढं तुमच्या मुलाला सांगून ठेवा. आणि कधी असं दुखून आपोआप थांबलं, तरी दाखवायचं असतं, हेही त्याला सांगा. पीळ पडून सुटलेला असू शकतो, आणि तो पुन्हा पडतो.