वाहनाची धडक बसलेला बिबट्या : पाहणाऱ्याने काय करावे?

पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत धरणांचे पाणी कालव्यांतून आले, ऊस वाढला आणि उसाच्या आश्रयाने बिबट्याही वाढला. दाट आडोसा, पाटाचे पाणी आणि वस्तीवरील कुत्री, शेळ्या, डुकरे असे भक्ष्य जागेवरच मिळत असल्याने त्याला डोंगरात परत जाण्याचे कारण उरलेले नाही. मादी पिल्लेही उसातच घालते. याच पट्ट्यातून पुणे-नाशिक महामार्ग जातो. एका बाजूच्या फडातून दुसऱ्या बाजूस जाताना रात्री किंवा पहाटे बिबट्या वाहनाखाली सापडतो. ओढ्याच्या मोरीजवळ व जेथे दोन्ही बाजूंचा ऊस रस्त्याला भिडला आहे तेथे हा धोका विशेष असतो.

धडक देणारा चालक पुष्कळदा न थांबता निघून जातो. मागे राहतो तो पाहणारा, म्हणजे दूध घालून परतणारा, तरकारीचा टेम्पो घेऊन बाजाराला निघालेला किंवा रात्रीचे दारे धरून घरी चाललेला शेतकरी. नसती भानगड कशाला, म्हणून तोही गप्प बसतो. या गप्प बसण्याचे नुकसान शेवटी शेतकऱ्यालाच सोसावे लागते.

धडक बसलेला बिबट्या प्रत्येक वेळी जागीच मरत नाही. कंबर मोडलेला किंवा जबडा फुटलेला बिबट्या सरपटत जवळच्या उसात शिरतो. एरवी माणसाची चाहूल लागताच बाजूला होणारा हा प्राणी पळता येत नसल्यामुळे जवळ येणाऱ्यावर उलटतो. आणि सकाळी त्याच फडात तोडणीची टोळी कोयते घेऊन उतरणार असते, बांधाला लेकरे निजवून. रात्री एकाने पाहिले होते पण सांगितले नाही, एवढ्या कारणाने येथे माणसाचा जीव जाऊ शकतो.

दुसरी बाब पिल्लांची. बिबट्याच्या विणीचा ठराविक हंगाम नसतो, त्यामुळे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात मेलेली मादी पाजती असू शकते. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास तपासणीत ते कळते व मग आसपासच्या फडांत पिल्लांचा शोध घेता येतो. तोडणीत पिल्ले सापडली की वन विभाग ती शक्यतो त्याच जागी ठेवतो आणि रात्री मादी येऊन घेऊन जाते, हे या भागातील शेतकऱ्यांना माहीत आहे. पण मादी दोन दिवसांपूर्वी रस्त्यावर मेली हेच कोणाला ठाऊक नसेल, तर वाट कोणाची पाहणार?

काय पाहावे, कोणास कळवावे

प्रथम आपले वाहन रस्त्याच्या पूर्ण कडेला घेऊन इशाऱ्याचे दिवे चालू करावेत. प्राणी निपचित पडलेला दिसला तरी जवळ जाऊ नये. तो केवळ बेशुद्ध असू शकतो व एकाएकी उठतो. हात लावणे, पाणी पाजणे, दगड मारून पाहणे हे तर मुळीच करू नये. गर्दी जमल्यास तिला मागे हटवावे, छायाचित्र दुरूनच घ्यावे.

वन विभागाची १९२६ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा आहे. ती न लागल्यास ११२ वर पोलिसांना कळवावे व गावच्या पोलीस पाटलांनाही सांगावे. सांगताना ठिकाण अचूक हवे : किलोमीटरचा दगड, गावाचे शिवार, जवळची मोरी किंवा देऊळ. प्राणी कोणत्या बाजूच्या कोणत्या पिकात गेला, हे सर्वांत महत्त्वाचे. वाहनाचा प्रकार, रंग, जाण्याची दिशा आणि क्रमांक सांगावा. शेवटचे चार आकडे आठवत असले तरी चालतील. प्रस्तुत लेखकाने एकदा पहाटे ट्रकखाली आलेले खोकड पाहिले होते. ट्रकचा रंग पक्का लक्षात राहिला, पण शिवार कोणते ते सांगता आले नाही आणि बिचारा वनरक्षक दोन तास रस्त्याने फिरत राहिला.

चालकाने हे जाणूनबुजून केले की अनवधानाने घडले, हे ठरविणे चौकशी अधिकाऱ्याचे काम आहे. आपण जे पाहिले तेवढेच सांगावे. बिबट्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असून त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. मृत वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. त्यामुळे नख किंवा मिशी काढून घेणे हाही गुन्हा होय. धडकेत मेलेला ससा वा रानडुक्कर उचलून घरी नेण्याची खोड पुष्कळांना असते. तीही याच कायद्यात बसते.

बिबट्या उसात शिरला असल्यास त्या रात्री लगतच्या वस्त्यांना निरोप द्यावा, शेळ्या-कुत्री बंदिस्त ठेवावीत आणि तेथे दारे धरावयास कोणी जाऊ नये. वन विभागाचे पथक येऊन त्याला बेशुद्ध करते व उपचारासाठी जुन्नरजवळील माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात नेता येते. तोपर्यंत फडमालकाने मुकादमास व कारखान्याच्या चिटबॉयला सांगून टोळी दुसऱ्या फडात लावावी. उभ्या उसाचे एक-दोन दिवसांत फारसे काही बिघडत नाही. आदल्या दिवशी तोडून पडलेल्या उसाचे वजन घटते खरे, पण पथक येईपर्यंत तो उचलण्याचीही घाई करू नये.