वहिनी, हलू नका!

आमच्या कोलंबसच्या मराठी मंडळींत सध्या एक गोष्ट फिरते आहे. मला म्हणे अजगराने विळखा घातला, नवऱ्याची बोबडी वळली आणि नवऱ्याच्या मित्राने जिवावर उदार होऊन मला सोडवलं. गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका बाईंनी ही कथा खुद्द मलाच ऐकवली. तोवर साप चौदा फुटांचा झाला होता. माझ्या हाताची पट्टी समोर दिसत असूनही ती गोष्टीतली बाई मीच, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

पहिलं म्हणजे, सखू अजगर नाही. ती बोआ कन्स्ट्रिक्टर आहे, मादी, सात फुटांहून थोडी मोठी, बिनविषारी. बोआ अंडी घालत नाही, थेट पिल्लं देते. दुसरं, तिला पाळायला ओहायोत परवाना लागत नाही. २०११ मध्ये झेन्सव्हिलला एका माणसाने स्वतःचे वाघ-सिंह मोकळे सोडले, त्यानंतर २०१२ मध्ये इथे कडक कायदा आला. त्यात बारा फूट किंवा त्याहून लांब असलेले मोठे अजगर आणि ॲनाकोंडा येतात, बोआ येत नाही. तेव्हा 'बेकायदा साप' हे पालुपद पुरे. साप का पाळला, हाही प्रश्न नको. कुत्रा का पाळला असं कोणी कोणाला विचारत नाही.

सखूला तीन-चार आठवड्यांतून एकदा एक मोठा उंदीर लागतो. मेलेला, गोठवलेला. जिवंत उंदीर टाकणारे महाभागही आहेत. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाचा डोळा फोडू शकतो, हे त्यांना प्राण्यांच्या डॉक्टरचं बिल आल्यावर कळतं. मी आदल्या रात्री उंदीर वेगळ्या डब्यात घालून फ्रिजमध्ये खाली ठेवते आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत बांधून, हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवते. मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही. बादली अजून बाथरूममध्ये असते, तेवढ्यात सखूला वास लागतो. ती काचेशी येते, मान उचलून स्थिर धरते, जीभ भराभर आत-बाहेर. ही खायची तंद्री. यात सापाला मालकीण, पाहुणा, उंदीर असा भेद राहत नाही. जे ऊबदार आहे आणि हलतं आहे, ते जेवण. अजगरांच्या ओठांवर उष्णता टिपणाऱ्या खाचा असतात. बोआच्या तोंडावर त्या दिसत नाहीत, पण ऊब तिलाही नेमकी कळते.

हे घडलं त्या शनिवारी नवऱ्याचे मित्र, म्हणजे आमचे भावजी, जेवायला आले होते. त्यांना सापांतलं सगळं कळतं. म्हणजे लहानपणी गावाकडे त्यांनी एकदा धामण धरली होती आणि पुढे डिस्कव्हरी चॅनेल बरंच बघितलं. मी त्यांना सांगितलं, नवऱ्यानेही सांगितलं, "दारातच उभे राहा, आत येऊ नका." "नाही हो वहिनी, लांबूनच बघतो," म्हणाले.

सखूच्या टँकला पुढे दोन सरकत्या काचा आहेत आणि मध्ये कुलूप. मी कुलूप काढलं आणि चिमट्यात उंदीर धरायला बादलीकडे वळले. पुन्हा समोर बघते तर भावजी टँकपाशी. काचेवर लाइट चमकतो, व्हिडिओ नीट येत नाही, म्हणून त्यांनी डावी काच वीतभर सरकवली होती आणि फोन धरलेलं मनगट त्या फटीसमोर होतं. सखूची मान त्या फटीकडे वळलेली. तिच्या मानेचा इंग्रजी एससारखा बाक मला स्पष्ट दिसला, भावजींना तो दिसला नसावा. मी डाव्या हाताने त्यांना बाजूला लोटलं आणि तोच हात काच लावायला पुढे केला.

साप झेप घेताना दिसत नाही, तो पोचल्यावरच दिसतो. कोपराखाली एक चापट बसली इतकंच जाणवलं, आणि मग हाताभोवती दोन वेटोळी. म्हणजे तो चावा मुळात भावजींच्या मनगटासाठी होता. मंडळातल्या कथेत हा भाग नाही.

इथवर सगळं आटोक्यात होतं. मी हात हलवला नाही. सापाचं वजन टँकच्या कडेवर टेकवलं आणि नवऱ्याला म्हटलं, "गार पाणी आण." तो नळाकडे निघालाच होता, कारण कोणी काय करायचं हे आमच्यात आधीपासून ठरलेलं आहे. आणि तेवढ्यात, "वहिनी, हलू नका, मी आहे!" असं ओरडत भावजींनी सखूला मानेमागे दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं.

कातडी फाटते तेव्हा आवाज येतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

बोआच्या तोंडात वर दातांच्या चार ओळी असतात, खाली दोन, आणि झाडून सगळे दात घशाच्या दिशेला वळलेले. मासे धरायच्या गळाचं जसं असतं तसंच: अडकल्यावर उपसला तर मांस घेऊन येतो, किंचित आत ढकलला तर सुटतो. म्हणून चावलेल्या सापाला कधीही मागे ओढायचं नाही, आपला हातही ओढायचा नाही. उलट हात अगदी थोडा सापाच्या तोंडाकडे दाबायचा. हे मी भावजींना ओरडून सांगत होते. ते म्हणत होते, "घाबरू नका!"

ओढाओढी झाल्यावर सखूने वेटोळी आणखी आवळली, तेही साहजिकच होतं. पेन्सिल्व्हेनियातल्या डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेलेल्या उंदरांत कृत्रिम हृदय बसवून ते बोआंना दिले. ठोके चालू होते तोवर बोआ जास्त जोराने आणि जास्त वेळ आवळत राहिल्या. त्याच गटाने २०१५ मध्ये दाखवलं की भक्ष्य श्वास कोंडून मरतं ही समजूत चुकीची आहे, आवळण्याने काही सेकंदांत त्याचं रक्ताभिसरणच बंद पडतं. म्हणजे सखू माझ्या नाडीवर बेतून आवळत होती. नाडी चालू, त्यात वरून कोणी हिसके देतंय. तिच्या लेखी उंदीर चांगलाच जिवंत होता.

शेवटी नवऱ्याने भावजींना कोपराने ढकललं आणि सखूच्या तोंडावर गार पाणी धरलं. थोड्या वेळात तिने जबडा सैल केला. मग त्याने शेपटीच्या टोकाकडून एकेक वेढा उलगडला. वेढे नेहमी शेपटीकडून सोडवायचे. डोक्याकडून सोडवायला गेलात तर सापाची सगळी ताकद तुमच्याविरुद्ध लागते, शेपटीकडे ती सर्वांत कमी असते. भावजी तोवर सोफ्यावर आडवे झाले होते. रक्त बघून त्यांना चक्कर आली होती.

इमर्जन्सीत डॉक्टर एक तरुण मुलगी होती. साप बिनविषारी आहे, विषावरचं औषध नको, हे मी सखूचा फोटो दाखवून सांगितलं. तिने जखम धुतली तेव्हा मलाही ती नीट दिसली. चाव्याची भोकं बारीक, ओळीने मांडलेली, त्यांचं रक्त थांबतच आलेलं. आणि त्याच भोकांपासून निघून मनगटाकडे गेलेल्या उघड्या चिरा. "कोणी ओढलं का याला?" तिने विचारलं. मी म्हटलं, "मी नाही." मोडून आत राहिलेले दोन दात तिने चिमट्याने काढले. टाके पडले ते सगळे चिरांना, भोकांना एकही नाही. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे. सखूने दिलेली जखम साबण-पाण्याने धुऊन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन भरून आली असती.

सखूचीही हिरडी फाटली. सापांना दात आयुष्यभर नवे येत राहतात, त्याची काळजी नव्हती, पण हिरडीत पू झाला तर साप खाणं सोडतो. पुढचा उंदीर तिने नाकारलाच. तिच्या डॉक्टरचं बिल माझ्या बिलाच्या मागोमाग आलं. भावजींचा फोनही आला. हात कसा आहे, हे विचारून झाल्यावर म्हणाले, "वहिनींना सांग, असले प्राणी घरात ठेवू नयेत." नवऱ्याला सांगितलं, मी शेजारी बसलेली असताना. व्हिडिओ मात्र त्यांनी ग्रुपवर टाकला. तो ओढण्याच्या आधीच संपतो.

आता ज्यांच्या घरी मोठा साप आहे त्यांच्यासाठी. साप दोन कारणांनी चावतो आणि दोन्ही चावे वेगळे. घाबरलेला साप फूत्कारतो, चावतो आणि सोडून मागे जातो. भुकेला साप धरून ठेवतो आणि वेढे घालतो. पहिल्यात फक्त मागे सरा. दुसऱ्यात हालचाल बंद, गार पाणी तोंडावर, वेढे शेपटीकडून. पाण्याने सुटला नाही तर माउथवॉश किंवा हँड सॅनिटायझरचे थेंब ओठांच्या कडेला, डोळ्यांत जाऊ न देता. अल्कोहोलने सापाचं तोंड पोळतं, म्हणून ते शेवटी. आमच्याकडे सॅनिटायझरची बाटली टँकच्या बाजूलाच टेपने चिकटवलेली आहे. कपाटातली बाटली अशा वेळी कोणाला सापडत नाही.

सापाला हातात घ्यायचं असेल त्या दिवशी आधी लांब हुकने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करा, दर वेळी त्याच पद्धतीने. हुक लागला म्हणजे आज जेवण नाही, हे साप शिकतो. खाऊ घालताना हुक नाही, चिमटा, आणि चिमटा हातभर लांब हवा. उंदीर डोक्याकडून पुढे करा. खाल्ल्यावर दोन दिवस तरी सापाला हात लावू नका, नाहीतर तो खाल्लेलं ओकतो. खाऊ घालायला साप दुसऱ्या डब्यात हलवावा असं काहीजण सांगतात. मोठ्या सापाच्या बाबतीत मला ते पटत नाही, कारण खायच्या तंद्रीतला साप तुम्हाला हातांनी परत आणावा लागतो. हात धुवा, आधी आणि नंतर, कारण उंदराच्या वासाचे हात म्हणजे उंदीर, आणि सापांच्या अंगावर साल्मोनेला असतो. मुलांना लांब ठेवा. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहिते.

साप आठ फुटांच्या पुढे गेला की एकट्याने टँक उघडायचा नाही. खांद्यावर-गळ्यात साप घालून फोटो काढायचे नाहीत, तो कितीही माणसाळलेला असला तरी. आणि कुलूप. २००९ मध्ये फ्लोरिडात एका घरातल्या बर्मीज अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. तो साडेआठ फुटांच्या आसपास होता, सखूपेक्षा फार मोठा नव्हे. २०१३ मध्ये कॅनडात कॅम्पबेल्टनला आफ्रिकन रॉक अजगराने झोपलेल्या दोन भावांना मारलं. दोन्ही ठिकाणी साप पिंजऱ्यातून सुटला होता. माझ्या हाताच्या चिरांना त्यापुढे काहीच किंमत नाही, हे मलाही कळतं. पण तिथल्या सापांनाही कोणी क्रूर म्हणू नये. क्रूरपणा करायला जे लागतं ते सापाकडे नसतं.

टँक उघडताना सोबतचा दुसरा माणूस कोण, हे महत्त्वाचं. त्याला साप आवडत नसला तरी चालेल, माझ्या नवऱ्याला आवडत नाही. सांगितलेलं तेवढंच करणारा हवा. पाणी म्हटलं की पाणी आणणारा, आणि 'हात लावू नको' म्हटलं की न लावणारा. सापांची माहिती असलेला माणूस मी यापुढे त्या खोलीत घेणार नाही.

पुण्याहून भाच्याने विचारलंय, "मावशी, इकडे बोआ मिळतो का?" त्याला कळवलंय तेच इथे लिहिते. आपल्याकडचा कुठलाही साप, अगदी धामण किंवा मांडूळसुद्धा, घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बोआसारखे परदेशी साप २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीच्या कक्षेत आले आहेत. कागद नसलेला साप कोणी दुकानामागे बोलावून विकत असेल तर घेऊ नका. कागद असले तरी आधी घरातला दुसरा माणूस ठरवा, त्याच्याकडून पाण्याचा तांब्या आणण्याची तालीम करून घ्या, आणि खायच्या दिवशी पाहुणे बोलावू नका.